आरपार दगड : संभाजीनगरहून किल्लारीला

राजाबाजार, पानदरिबा, गुलमंडी. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तीतील या भागांत आपल्या समाजाची कित्येक घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी या नावाने वसविलेल्या या शहरावर एकामागून एक राजवटींचे थर चढले. तसेच थर येथील वाड्यांवरही चढलेले दिसतात. खाली काळ्या दगडाचे जोते, त्यावर दगड-मातीची किंवा विटांची दोन-अडीच हात रुंद भिंत, सागवानी खांब, आणि माथ्यावर नंतरच्या पिढीने चढविलेला सिमेंटचा मजला. वैशाखात बाहेर डांबर मऊ पडलेले असताना अशा घराच्या माजघरात गारवा असतो. पाहुणा आला की घरातील वडीलधारी मंडळी खिडकीच्या कट्ट्यावर हात ठेवून भिंतीची जाडी कौतुकाने दाखवितात. जाड भिंत म्हणजे भक्कम घर, हे समीकरण आपल्या मनात इतके मुरलेले आहे की त्याची परीक्षा घेण्याचे कोणाला सुचत नाही.

ती परीक्षा मराठवाड्यात एकदा झालेली आहे, आणि तिचा निकाल पाहावयास आम्ही काही जणी डिसेंबर २०२४ मध्ये किल्लारीला जाऊन आलो.

निमित्त हिंगोलीचे. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि दहा-अकरा मिनिटांनी ३.६ तीव्रतेचा दुसरा. नांदेड, परभणीपर्यंत माणसे घराबाहेर आली. पुन्हा १० जुलैला त्याच भागात तेवढ्याच तीव्रतेचा हादरा बसला. मोबाईलवर नाना प्रकारचे संदेश फिरले; अमुक वाजता मोठा भूकंप येणार, असेही काहींनी कळविले. भूकंपाची वेळ आधी सांगणारे शास्त्र अद्याप जगात कोठेही नाही, त्यामुळे असा संदेश पुढे पाठविणे म्हणजे असत्य पसरविणे होय, एवढे तरी आपण मनाशी ठरवावे. त्या गदारोळात प्रशासनाने केलेले एक छोटे आवाहन मात्र माझ्या लक्षात राहिले. ज्यांची घरे पत्र्याची आहेत आणि वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून ज्यांनी वर दगड ठेवले आहेत, त्यांनी ते दगड उतरवून घ्यावेत. बस्स, इतकेच. कोणाच्याही हातून होण्याजोगे, खर्चाविना होण्याजोगे आणि नेमके. लोकशिक्षण म्हणतात ते बहुधा असे असावे.

आमच्या महिला मंडळाची दरवर्षीची यात्रा त्या वर्षी कुंथलगिरीला ठरली होती. तेथून किल्लारी फारशी दूर नाही, एक मुक्काम वाढवू, असे मी सुचविले. ‘तीर्थाला निघालो आहोत, मसणवटा कशाला पाहायचा?’ असे एका काकूंनी विचारले, ते अगदीच गैर नव्हते. पण त्याच काकू पुढे सर्वांआधी गाडीत बसल्या.

शहागडला गोदावरी ओलांडून, बीड मागे टाकून, आम्ही संध्याकाळी कुंथलगिरीला पोहोचलो. कुलभूषण-देशभूषण मुनींची ही निर्वाणभूमी आणि १९५५ मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांनी जेथे सल्लेखना घेतली ते हे स्थान. वाचकांना त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. दर्शन झाले, रात्री धर्मशाळेत पाठ झाला. दुसऱ्या दिवशी येरमाळा, धाराशिव करीत औशाच्या दिशेने निघालो. दुतर्फा तुरी शेंगांनी लगडलेल्या, मधूनमधून हरभरा आणि ज्वारी, माती काळीभोर. वळणावळणावर गावे लागत होती, आणि जुन्या घरांच्या भिंती पाहून आमच्यापैकी एकजण म्हणाली की या तर आपल्या आजोळच्याच भिंती.

या काळ्या मातीखाली काळाच पाषाण आहे. वेरूळची लेणी ज्या खडकात कोरली, त्याच दख्खनच्या कातळाची ही चादर. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल विंधन घेतले, तेव्हा वरचा काळा पाषाण ३३८ मीटर भरला आणि त्याखाली त्याहून कितीतरी प्राचीन खडक लागला. दख्खनचे पठार म्हणजे स्थिर, न हलणारी भूमी, अशी त्या वेळेपर्यंत समजूत होती. देशाच्या तत्कालीन भूकंपप्रवण नकाशात पाच क्षेत्रे होती आणि किल्लारी त्यांतील पहिल्या, म्हणजे सर्वांत सुरक्षित क्षेत्रात मोडत असे. २००२ मध्ये नकाशा सुधारला, पहिले क्षेत्रच काढून टाकले गेले आणि लातूरचा भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला. संभाजीनगर त्या नकाशात दुसऱ्या क्षेत्रात आहे. पहिले क्षेत्र गेल्यामुळे आता तेच सर्वांत कमी धोक्याचे. म्हणजे त्या नकाशात आपण जेथे आहोत, साधारण तेथेच १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारी होती.

सूचना मिळाली नव्हती असेही म्हणता येत नाही. १९९२ च्या पावसाळ्यापासून त्या परिसरात लहान-मोठे धक्के बसत होते; १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का तर ४.५ तीव्रतेचा, म्हणजे परवाच्या हिंगोलीएवढा होता. काही दिवस माणसे बाहेर अंगणात निजली, असे तेथील वृद्ध सांगतात. मग थंडी पडली, धक्के विरळ झाले, आणि माणसे पुन्हा आपल्या जाड भिंतींच्या आत गेली.

त्या रात्रीची तिथी आपल्या वाचकांना वेगळ्या कारणाने जवळची वाटेल. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. दशलक्षण पर्वाचा अखेरचा दिवस. गावोगावी गणपतींचे विसर्जन रात्री उशिरापर्यंत चालले आणि दमलेली माणसे गाढ झोपली. गुरुवार, ३० सप्टेंबरची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटे. धक्क्याची तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान मोजली गेली. जगाच्या हिशेबाने हा मध्यम आकाराचा भूकंप. अधिकृत आकड्यानुसार ७,९२८ माणसे त्यात दगावली.

हा आकडा आणि तो भूकंप यांचा मेळ बसत नाही. तेवढ्या तीव्रतेच्या भूकंपात काही देशांत मोजकी माणसे दगावतात. आकडा मोठा झाला तो घरांमुळे.

लातूर-धाराशिव भागातील जुने घर माळवदाचे. खांबांवर तुळया, तुळयांवर लाकडे आणि फळ्या, आणि त्यावर मातीचा जाड थर. पाऊस गळू लागला की मृगाच्या आधी वर आणखी माती टाकायची, ही पद्धत. दरवर्षी थोडी थोडी, आजोबांच्या काळापासून; खालची कोणी काढीत नाही. साठ-सत्तर वर्षांत माथ्यावर केवढे ओझे साचत असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो. भिंती दगडांच्या, मातीत रचलेल्या, रुंद. रुंद दिसतात खऱ्या, पण त्या एक भिंत नसतात. बाहेरून एक थर, आतून एक थर, आणि दोहोंच्या मधल्या पोकळीत कपच्या आणि माती भरलेली. हे दोन थर एकमेकांना कोठेही धरून नसतात. जमीन हलली की मधला भराव खाली बसतो, दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात, भिंतीला पोट येते आणि ती आत-बाहेर कोसळते. काही ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती तेवढ्या गेल्या. माणसे बहुतेक भिंतीच्या कडेलाच निजलेली असतात.

म्हणून जे घडले ते आपल्या समजुतीच्या अगदी उलट होते. गावात ज्याचे घर अधिक मोठे, भिंत अधिक जाड, माळवद अधिक जड, त्याच्या घरी अधिक माणसे गेली. गावाबाहेर कुडाच्या, गवताच्या झोपडीत राहणारे पुष्कळ जण वाचले. पिढ्यान्‌पिढ्या व्यापार-उदीम करून ज्यांनी दगडी घरे बांधली, त्यांत आपलीही माणसे आली, हे लिहिताना हात जड होतो.

आता जुन्या किल्लारीच्या जागी स्मारक आहे. दर ३० सप्टेंबरला तेथे श्रद्धांजली वाहिली जाते. आजूबाजूला बाभळी, गवत, आणि गवतात पाय अडखळला की कळते, हे जोते होते. आमच्यातील कोणी बोलले नाही. ज्या काकूंनी मसणवट्याचे बोलल्या होत्या, त्यांनी तेथे नवकार म्हटला आणि आम्ही सर्वजणी उभ्या राहिलो.

भूकंपानंतरच्या दिवसांत भारतीय जैन संघटनेने आणि श्री. शांतिलालजी मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी उचलली, हे आपल्या समाजात सर्वश्रुत आहे आणि त्याचा अभिमान सार्थच आहे. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपानंतर संघटनेने तेथे ३६८ शाळा उभारून दिल्या, तेही आपण ऐकून असतो. परंतु किल्लारीत त्यानंतर आणखी एक काम झाले, जे आपल्याकडे फारसे कोणी जाणत नाही. मला तरी तेथे जाईपर्यंत त्याची नीट कल्पना नव्हती.

पूर्णपणे उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. घर किती मोठे द्यायचे ते जमिनीवरून ठरले : भूमिहीन आणि अगदी अल्प जमीनधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. नवी गावे आम्ही पाहिली. रुंद, सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते. घरांत अंतर इतके की शेजारणीला हाक मारली तर ऐकू जाणार नाही. सुरक्षित आहेत यात शंका नाही. तरी जुन्या गावातील गल्लीच्या तोंडाशी बसून ज्वारी निवडणाऱ्या बायांना ती आपली वाटली नसावीत, असे मला वाटले. काही घरांच्या मागे मालकांनी पुढे स्वतः खोल्या वाढविल्या आहेत. त्यांतील एक-दोन पुन्हा दगड-मातीच्या पाहून गाडीतील संभाषण थांबले.

पण ५२ गावे ही थोडी. त्यापलीकडे शेकडो गावांत लक्षावधी घरे तडकलेली परंतु उभी होती, आणि ती तशीच जाड भिंतींची व जड माळवदांची होती. जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने हाती घेतलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात अशी दोन लाखांच्या आसपास घरे दुरुस्त व मजबूत करावयाची होती, आणि ते काम ठेकेदाराने नव्हे, तर घरमालकाने स्वतः करावयाचे होते. शासन हप्त्याहप्त्याने पैसे देणार, अभियंता पाहणी करणार. अडचण अशी की अभियंता काय सांगतो ते गावाला कळत नव्हते, आणि गावाच्या मनात काय आहे ते अभियंत्याला. तेव्हा स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने, प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखाली, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांतील स्त्रियांना पुढे आणले. त्यांना नाव मिळाले ‘संवाद सहायक’.

अशाच एका संवाद सहायक राहिलेल्या आक्कांना भेटण्याचा योग औसा तालुक्यातील एका गावात आला. नाव लिहू नका म्हणाल्या. सत्तरी उलटलेली आहे, नऊवारी, डोक्यावर पदर, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. शाळा चौथीपर्यंत. चहा झाल्यावर त्यांनी प्रथम आम्हांला घराची बाहेरची भिंत दाखविली. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवर ठरावीक अंतरावर सिमेंटचे वितभर ठिपके होते, जणू भिंतीला बटणे लावली आहेत. प्रत्येक ठिपक्यामागे भिंत आरपार पोखरून, आत दोन्ही टोकांना आकड्यासारखी वाकविलेली सळई घालून काँक्रीट भरलेले आहे. बाहेरचा थर आणि आतला थर त्याने एकमेकांना धरून राहतात. नवी भिंत बांधताना हेच काम लांब दगड करतो, जो एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत पोहोचतो. अभियंते त्याला इंग्रजी नावाने ओळखत. आक्कांनी गावात त्याला ‘आरपार दगड’ म्हटले आणि तेच नाव त्या पंचक्रोशीत चालले, असे त्यांनी सांगितले.

मग त्यांनी आतून परात मागविली. परातीत नदीचे गोटे दोन रांगांत रचले, मधल्या फटीत वाळू भरली आणि परात दोन्ही हातांनी हलवली. चार-पाच हेलकाव्यांत वाळू खाली बसली आणि दोन्ही रांगा दोन बाजूंना पडल्या. पुन्हा रचल्या, या वेळी मध्ये मध्ये लांबट गोटे आडवे घातले, जे दोन्ही रांगांवर टेकत होते. परात तितकीच हलवली. रांगा वाकड्यातिकड्या झाल्या, दोन गोटे घरंगळले, पण बाकीच्या राहिल्या. आमच्या मंडळात दोघी पदवीधर शिक्षिका आहेत; त्यांनी आक्कांच्या हातून परात घेऊन स्वतः तो प्रयोग दोनदा करून पाहिला.

गावात व्याख्यान देऊन कोणी ऐकत नसे, असे आक्का सांगत होत्या. साहेब फळ्यावर घराचा छेद काढीत, त्यात ‘लिंटेल लेव्हल’ लिहीत. बाया उठून जात. आक्का दाराच्या चौकटीवर हात ठेवून सांगत की घराला येथे एक कंबरपट्टा बांधायचा आहे, चारी भिंतींना फिरून येणारा, मध्ये कोठे न तुटणारा. म्हणजे चार भिंती चार दिशांना पळणार नाहीत. पट्टा कशाचा, सळई किती जाडीची, हे पुढे गवंडी बघेल. माळवदावरची जुनी माती उतरवा, हे पटविणे सर्वांत कठीण गेले. घरातील पुरुष म्हणत, गळेल. मग एका घरची माती सर्वांसमक्ष उतरवून टोपल्या मोजल्या. किती टोपल्या निघाल्या ते त्यांना आज आठवत नाही. बैलगाडीच्या फेऱ्या मात्र दिवसभर चालल्या होत्या.

सर्वच काही साधले असे नाही, आणि आक्काही तसे सांगत नाहीत. पुष्कळ कुटुंबांनी दुरुस्तीचे पैसे जुने घर मजबूत करण्यास न वापरता शेजारी सिमेंटची एक नवी खोली बांधली. भीती इतकी होती की दगडाखाली झोपायलाच नको. परंतु खोली लहान, कुटुंब मोठे. कालांतराने धान्य नव्या खोलीत गेले आणि माणसे पुन्हा जुन्या घरात निजू लागली, असेही काही घरांत झाले. कच्छच्या भूकंपानंतर लातूर भागातील या स्त्रिया तिकडे गेल्या आणि तेथील बायांना भिंती, पट्टे, हप्ते यांविषयी सांगू लागल्या. आक्कांच्या गावातूनही काहीजणी गेल्या होत्या. भाषा कळेना तेव्हा काय केले, असे विचारल्यावर त्यांनी हसून परातीकडे बोट दाखविले.

हे ज्ञान काही १९९३ नंतर जन्माला आलेले नव्हते. बलुचिस्तानात १९३१ मध्ये माच येथे भूकंप झाला, त्यानंतर एस. एल. कुमार नावाच्या रेल्वे अभियंत्याने क्वेट्ट्यातील रेल्वेची काही घरे जुन्या रुळांचा आधार देऊन बांधली. १९३५ मध्ये क्वेट्टा शहर भूकंपाने धुळीस मिळाले, ती घरे उभी राहिली. दगड-मातीच्या घरांना आरपार दगड आणि पट्टे कसे द्यावेत, याचे भारतीय मानक तर खुद्द १९९३ सालचे आहे. ते दिल्लीहून छापून निघाले; मंगरूळ-सास्तूरच्या गवंड्याच्या हातात पडले नाही. मला वाटते, शास्त्र कमी पडले असे म्हणण्यापेक्षा परात घेऊन फिरणारे कोणी नव्हते, असे म्हणावे.

परतीच्या प्रवासात चर्चा साहजिकच आपल्या घरांवर आली. ज्या वाडे सोडून सातारा परिसरात किंवा बीड बायपासला फ्लॅटमध्ये राहायला गेल्या, त्यांना आपण सुटलो असे वाटत होते. तेही तितके खरे नाही. २००१ मध्ये अहमदाबाद हे भूकंपकेंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवर होते, तरी तेथील कित्येक बहुमजली इमारती पडल्या; त्यांतील बऱ्याच अशा, ज्यांचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा, नुसत्या खांबांवर उभा होता. किल्लारीही आपल्यापासून सरळ रेषेत साधारण तेवढीच दूर आहे. अर्थात कच्छच्या भूकंपाची तीव्रता ७.७ होती, म्हणजे किल्लारीच्या शंभर पटींहून अधिक ऊर्जा. उगाच घाबरविण्यासाठी दोहोंना एका मापात मोजू नये. पण सोसायटीच्या सभेत रंग कोणता द्यावा यावर जेवढा वेळ जातो, त्याच्या निम्मा वेळ खांबांची आणि सळयांची तपासणी करून घेण्यावर गेला तर बरे.

धक्का बसला तर काय करावे, हा प्रश्न मात्र घराच्या जातीवर अवलंबून आहे, आणि ‘टेबलाखाली बसा’ हा सरसकट उपदेश सगळीकडे लागू पडत नाही. सिमेंट-काँक्रीटच्या चांगल्या बांधलेल्या घरात जिन्याकडे धावण्यापेक्षा जेथे आहात तेथेच खाली बसावे, मजबूत टेबल-पलंगाखाली डोके व मान झाकावी, हलणे थांबेपर्यंत धरून राहावे. दगड-मातीच्या, जड माथ्याच्या घरात तळमजल्यावर दाराजवळ असाल तर मोकळ्या जागी जाणे बरे. मात्र गल्ली अरुंद असेल, तर तेथेही दोन्ही बाजूंच्या भिंती आणि सज्जे पडतात, हे ध्यानात असावे. पलंगाच्या उशाशी वरच्या फळीवर ठेवलेले हंडे, कपाटावरचे कपाट, न बांधलेली लोखंडी तिजोरी, रात्री चालू राहिलेला गॅसचा कॉक : यांची व्यवस्था आजच लावता येते. बिछाना बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर घेण्यास तर एक पैसाही लागत नाही. पायाखाली जीव चिरडू नये म्हणून चार हात जमीन पाहून चालण्याचे संस्कार आपल्यावर लहानपणापासून झालेले असतात. नजर तेवढीच वरही जायला हरकत नाही.

समाजाच्या वास्तूंचा विचार अधिक गंभीरपणे व्हावा असे मला वाटते. चातुर्मासात, पर्वात, कचनेरच्या कार्तिकी यात्रेसारख्या प्रसंगी आपल्या मंदिरांत व धर्मशाळांत शेकडो माणसे एकत्र येतात, रात्री एकाच दालनात निजतात. त्यांतील कित्येक इमारती जुन्या आहेत, वर मजला नंतर चढविलेला आहे, आणि दानशूर कुटुंबाच्या नावाची संगमरवरी फरशी भिंतीवर आहे. पण ती भिंत आतून एक आहे की दोन, हे कोणी विचारलेले नाही. भूकंपानंतर आपण ट्रक भरून धान्य पाठवितो, आणि पाठवितच राहू. भिंतीची तपासणी करण्याची फी द्यायची वेळ आली की मात्र देणगीदार शोधावा लागतो, कारण त्यावर नावाची फरशी लावता येत नाही.

संभाजीनगरला परतल्यावर आमच्या मंडळाने आक्कांचा प्रयोग पाठशाळेतील मुलांना करून दाखविला. मुलांनी परातीऐवजी कॅरम बोर्ड वापरला आणि गोट्यांऐवजी साखरेचे चौकोनी खडे. पुढच्या आठवड्यात एका मुलाने घरी आजोबांना वाड्याच्या भिंतीत आरपार दगड किती आहेत असे विचारले आणि आजोबा निरुत्तर झाले, अशी तक्रार त्याच्या आईने माझ्याकडे केली. तक्रारीचा सूर मला आवडला.

जुन्या वस्तीतील एका धर्मशाळेची पाहणी आमच्या विनंतीवरून एका स्थापत्य अभियंत्याने विनामूल्य केली. मागच्या भिंतीला दोन ठिकाणी पोट आलेले आहे आणि माळ्यावर मंगल कार्यांची पितळी भांडी, मोडकी बाके व जुन्या हिशेबाच्या वह्या असा बराच भार आहे, असे त्यांनी लिहून दिले. विश्वस्त मंडळाने भांडी खाली उतरविण्यास तात्काळ मान्यता दिली; दोन रविवार लागले, पण माळा रिकामा झाला. यात्रेकरूंच्या गाद्या मागच्या भिंतीपासून दूर घातल्या जातात. भिंतीत सळया घालून आरपार दगड भरण्याचा आणि छताच्या पातळीवर पट्टा देण्याचा खर्च मोठा असल्याने तो विषय पुढील बैठकीसाठी ठेवला आहे. अभियंत्यांनी दिलेला कागद कार्यालयाच्या फलकावर लावावा, असा आमचा आग्रह होता. सध्या तो फलकावर आहे.